महागाई, घरखर्च आणि क्रेडिट कार्ड : 'किमान रक्कम' भरण्याआधी हा हिशोब वाचा

पगार पहिल्या आठवड्यात येतो आणि वीस तारखेच्या आत संपतो, ही आज अनेक घरांची स्थिती आहे. उरलेल्या दहा दिवसांसाठी पूर्वी वाण्याची वही होती, शेजारीपाजारी होते, भिशी होती. आता खिशात क्रेडिट कार्ड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला क्यूआर कोड स्कॅन करूनही उधारीवर तेल-तांदूळ घेता येतात.

सोय चांगलीच आहे. पण कार्डामुळे वस्तू स्वस्त होत नाही, फक्त तिचे पैसे पुढच्या महिन्यात द्यावे लागतात. पुढच्या महिन्याचा पगार तेवढाच असेल तर खड्डा भरत नाही, वाढतो. आणि एकदा का बिल पूर्ण भरायचं राहिलं, की महागाईच्या कितीतरी पट व्याज सुरू होतं. मुस्लिम कुटुंबांसाठी हा प्रश्न दुहेरी आहे, कारण इथे पैशांसोबत व्याजाचा, म्हणजे रिबाचाही मुद्दा येतो. त्यामुळे महागाई घरात कशी शिरते, कार्डाचं बिल कसं चालतं, कुठे फसायला होतं आणि फसल्यावर काय करायचं, हे सगळं एका जागी समजून घेऊ.

महागाईचा दर उतरला, मग भाव का उतरले नाहीत?

टीव्हीवर बातमी येते की महागाई कमी झाली. बाजारात गेलं तर तेल तेवढ्यालाच, डाळ तेवढ्यालाच. यात सरकारी आकडा खोटा आहे असं नाही. महागाईचा दर म्हणजे मागच्या वर्षी याच महिन्यात असलेल्या भावाशी तुलना. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के होता, भाज्या तर वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच एकूण दर ०.२५ टक्क्यावर आला.

याचा अर्थ असा. ऑक्टोबर २०२३ मध्ये जी टोपली १०० रुपयांना मिळत होती, ती २०२४ मध्ये १०६ रुपये २१ पैशांना झाली आणि २०२५ मध्ये साधारण साडेएकशे सहा रुपयांना. वाढ जवळजवळ थांबली, पण आधी चढलेले सहा रुपये परत आले नाहीत. तुमचा पगार दोन वर्षांत वाढला नसेल, तर दर शून्यावर आला तरी घरात ओढाताण राहणारच.

दुसरी गोष्ट, सरासरी सगळ्यांची सारखी नसते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च पाहणीनुसार ग्रामीण भागात माणशी खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी भागात सुमारे ४० टक्के खर्च खाण्यापिण्यावर होतो. ही झाली सरासरी. कमाई जितकी कमी, तितका खाण्याचा वाटा मोठा. म्हणून तेल, डाळ, कांदा, टोमॅटो महागले की त्याची झळ आधी कमी कमाईच्या घराला बसते.

खाद्यतेलाचंच उदाहरण घ्या. आपला देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केलं. मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आणलं. देशातल्या तेलबिया उत्पादक शेतकऱ्याला भाव मिळावा हा त्यामागचा एक हेतू, पण तळणीच्या कढईपर्यंत त्याचा परिणाम पोहोचतो. म्हणजे घरातला खर्च आपल्या हातात नसलेल्या कारणांनीही वाढतो. त्यामुळे "नीट बघून खर्च कर" एवढंच सांगून भागत नाही. हातात जे आहे ते कुठे जातं, हे मात्र पाहता येतं.

एका घराचा कागदावरचा हिशोब

समजा मुंब्र्यात भाड्याने राहणारं पाच जणांचं कुटुंब आहे. महिन्याची कमाई ३५,००० रुपये. खर्च असा :

– घरभाडं : १०,०००
– किराणा, दूध, भाजी, मांस-अंडी : १२,५००
– शाळा आणि शिकवणी : ४,०००
– वीज, गॅस, मोबाइल : ३,०००
– लोकल, रिक्षा, पेट्रोल : २,५००
– औषधं आणि इतर : २,०००

एकूण ३४,०००. शिल्लक १,००० रुपये. आता खाण्यापिण्याचा खर्च फक्त ८ टक्क्यांनी वाढला, तर १,००० रुपये जास्त लागतात आणि शिल्लक शून्य होते. कुणी उधळपट्टी केली नाही, हॉटेलात गेलं नाही, तरीही. आता एखादा आजार, पाहुणे, लग्नाचा आहेर किंवा ईद आली की पैसा बाहेरून आणावा लागतो. कार्ड बाहेर निघतं ते नेमकं इथे.

हा कागद प्रत्येक घराने एकदा करून पाहावा. फार मोठं काम नाही. रोज लागणाऱ्या दहा वस्तू निवडा. तेल, तूरडाळ, तांदूळ, गहू किंवा आटा, साखर, चहा, दूध, अंडी, कांदा आणि साबण. दर महिन्याला त्यांचा भाव एका वहीत लिहा. तीन महिन्यांत कळतं की कोणती वस्तू खरोखर वाढली आणि कुठे आपलाच वापर वाढला.

वस्तू घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाकिटाचं वजन. किंमत तीच ठेवून माल कमी करणं ही कंपन्यांची जुनी पद्धत आहे. पाकिटावर प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर भाव छापलेला असतो, तो वाचून दोन पाकिटांची तुलना करा. दुसरी, कमाल किरकोळ किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तूप आणि लोण्यावरचा १२ वरून ५ टक्क्यांवर. छापील किमतीपेक्षा जास्त कुणी घेत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

वाण्याची वही आणि बँकेचं कार्ड

उधारी आपल्याकडे नवी नाही. महिनाभर वाण्याकडे खातं चालायचं, पगाराला चुकतं व्हायचं. त्या उधारीवर सहसा व्याज नसायचं. शिवाय वाणी आपल्याला ओळखायचा. खातं फार वाढलं की तो स्वतःच म्हणायचा, "चाचा, आधी मागचं द्या, मग पुढचं घ्या." त्या नकारामुळे लाज वाटायची, पण कर्जही तिथेच थांबायचं.

कार्डाचं उलट आहे. तुम्ही वापर वाढवला आणि थोडं थोडं भरत राहिलात, की "तुमची मर्यादा वाढवायची का?" असा निरोप येतो. एक लाखाची मर्यादा म्हणजे एक लाख रुपये आपले झाले, असं मनाला वाटू लागतं. ती रक्कम आपली नसते, कर्ज काढण्याची परवानगी असते. मर्यादा वाढवण्यासाठी तुमची स्पष्ट संमती लागते, आणि "नको" म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बिलाचं चक्र कसं फिरतं?

कार्डाच्या दोन तारखा लक्षात ठेवायच्या. एक बिल बनण्याची, दुसरी बिल भरण्याची. समजा बिल दर महिन्याच्या २० तारखेला बनतं आणि भरायची तारीख पुढची १० आहे. २१ मे रोजी केलेली खरेदी २० जूनच्या बिलात येईल आणि १० जुलैपर्यंत भरता येईल. म्हणजे ५० दिवस मिळाले. तीच खरेदी १९ जूनला केली तर फक्त २१ दिवस मिळतील. जाहिरातीतले "५० दिवस बिनव्याजी" प्रत्येक खरेदीला मिळत नाहीत.

आणि ही बिनव्याजी मुदत एका अटीवर आहे. मागचं बिल पूर्ण भरलेलं असलं पाहिजे. त्यातले काही पैसे बाकी राहिले की मुदत जाते. मग नवीन घेतलेल्या साखरेवर, दुधावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज लागू होतं. बऱ्याच लोकांना हेच माहीत नसतं.

पगाराची तारीख आणि बिलाची तारीख जुळत नसेल, तर बिलाचं चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा पर्याय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. पगार १ तारखेला होत असेल, तर भरायची तारीख ५ ते ८ च्या दरम्यान येईल असं पाहा. पगार आला की आधी बिल, मग बाकीचं.

'किमान रक्कम' म्हणजे काय?

बिलावर दोन आकडे ठळक असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम बहुतेक वेळा एकूण बाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. ती भरली की उशिराचा दंड लागत नाही, वसुलीचा फोन येत नाही. म्हणून माणसाला वाटतं, या महिन्याचं झालं. प्रत्यक्षात व्याज सुरूच असतं.

बहुतेक कार्डांवर व्याजाचा दर महिन्याला ३ ते ३.७५ टक्के असतो. ऐकायला तीन टक्के कमी वाटतात. वर्षाचे धरले तर ३६ ते ४५ टक्के होतात. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी.

आता हिशोब करू. बाकी २०,००० रुपये. दर महिन्याला ३.५ टक्के.

– एका महिन्याचं व्याज : ७०० रुपये
– त्यावर जीएसटी : १२६ रुपये
– तुम्ही भरलेली किमान रक्कम : १,००० रुपये
– मूळ कर्जातून कमी झाले : फक्त १७४ रुपये

असंच वर्षभर दर महिन्याला बाकीच्या ५ टक्के भरत राहिलात आणि कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, तरी बारा महिन्यांत तुमच्या खिशातून साधारण ११,४०० रुपये जातात. कर्ज मात्र २०,००० वरून १८,००० च्या आसपास येतं. मधले जवळजवळ साडेनऊ हजार रुपये व्याज आणि करात गेले. आधीच्या उदाहरणातलं ३५,००० कमाईचं घर आठवा. साडेनऊ हजार म्हणजे त्या घराचं जवळजवळ एक महिन्याचं भाडं.

व्याजाला वरची मर्यादा नाही का, असा प्रश्न येतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणजे ३० टक्क्यांची भिंत आज ग्राहकाच्या पाठीशी नाही. बचाव एकच, बिल पूर्ण भरणं.

ज्या पाच ठिकाणी पाय घसरतो

१. एटीएममधून रोकड. क्रेडिट कार्डाने रोख पैसे काढले तर बिनव्याजी मुदत मिळतच नाही. पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर साधारण अडीच टक्क्यांच्या आसपास शुल्क. हातउसने मागायची लाज वाटते म्हणून लोक हा मार्ग धरतात, पण कार्डाचा सर्वात महाग वापर हाच.

२. 'नो कॉस्ट' हप्ते. मोबाइल, फ्रिज 'बिनव्याजी' हप्त्यांवर मिळतो तेव्हा व्याज कुठेतरी भरलेलं असतं. कधी रोखीवर मिळाली असती ती सूट जाते, कधी प्रक्रिया शुल्क लागतं, शिवाय हप्त्यातल्या व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. दुकानदाराला सरळ विचारा, "रोख दिले तर किती?" दोन आकड्यांतला फरक म्हणजे व्याज.

३. पॉइंट आणि कॅशबॅक. समजा २०,००० च्या खरेदीवर एक टक्का परत मिळाला, म्हणजे २०० रुपये. एक महिना बिल थकलं तर व्याज आणि कर मिळून ८२६ रुपये गेले. पूर्ण बिल भरणाऱ्यालाच पॉइंटचा फायदा होतो. पॉइंटसाठी नको असलेली वस्तू घेणं हा तर शुद्ध तोटा.

४. दुसऱ्यासाठी कार्ड वापरणं. "भाई, तुझ्या कार्डावर ऑफर आहे, फोन घेऊ दे, मी हप्ते देतो." नात्यात, दोस्तीत नाही म्हणता येत नाही. पण बँकेच्या लेखी कर्जदार तुम्ही आहात. त्याने दोन हप्ते चुकवले तर दंड तुम्हाला, पतइतिहास तुमचा खराब, आणि नातंही बिघडतं ते वेगळंच. घरच्यांना दिलेल्या जोडकार्डाचंही तसंच. खर्च कुणीही करो, बिल मुख्य कार्डधारकाचं.

५. एका कार्डाने दुसऱ्याचं बिल. दोन-तीन कार्डं घेऊन पैसे फिरवणं काही महिने चालतं. प्रत्येक फेरीत शुल्क वाढतं आणि एका महिन्यात पगार उशिरा झाला की सगळी कार्डं एकदम थकतात.

व्याज, शरीयत आणि कार्ड

कुरआनमध्ये सूरह बकरात व्याजाला स्पष्ट मनाई आहे, हे सर्वांना माहीत आहे. क्रेडिट कार्डाबाबत आलिमांमध्ये दोन भूमिका दिसतात. जेद्दास्थित आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००० साली रियाधच्या अधिवेशनात ठराव केला की करारात व्याजाची अट असेल तर असं कार्ड घेणं-वापरणं जायज नाही, मुदतीत पैसे भरण्याचा इरादा असला तरीही. दुसरीकडे, अनेक मुफ्ती गरज असेल तेव्हा वापराला परवानगी देतात, पण अट घालतात की बिल मुदतीत पूर्ण भरायचं आणि व्याजाची वेळ येऊ द्यायची नाही. आपल्या खात्यातलेच पैसे खर्च करणाऱ्या डेबिट कार्डाबाबत हा प्रश्न येत नाही. आपण ज्यांच्याकडे मसला विचारतो त्या आलिमांना कराराच्या अटी दाखवून विचारणं उत्तम.

व्यवहाराच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही मतं एका मुद्द्यावर एकत्र येतात. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलणं, रोकड काढणं आणि व्याजाचे हप्ते पाडणं कुणाच्याच मते योग्य नाही. आणि आपण वर पाहिलं की पैशाच्या हिशोबानेही तेच सर्वात तोट्याचं आहे.

इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचं २०१७ मध्ये माहिती अधिकारातून समोर आलं. त्यामुळे सरळ बँकेतून बिनव्याजी कर्ज मिळण्याची सोय सध्या नाही. काही शहरांत सहकार कायद्याखाली नोंदलेल्या बिनव्याजी पतसंस्था छोटी कर्जं देतात. पैसे ठेवण्याआधी नोंदणी आणि लेखापरीक्षणाचा अहवाल पाहावा. नाव धार्मिक आहे म्हणून विश्वास ठेवू नये.

घरोघरी चालणारी भिशी, ज्याला अनेक मोहल्ल्यांत 'बीसी' म्हणतात, ती बिनव्याजी बचतीचा सोपा मार्ग आहे. पण ती ओळखीच्या दहा-बारा जणांतच ठेवावी, वही लिहावी आणि बोली लावून कमी पैसे उचलण्याचा प्रकार असेल तर त्यातून दूर राहावं. हातउसने घेतानाही कागद करावा. कुरआनमधील सर्वात मोठी आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, तरी आपल्याकडे भावाभावांत "लिहायचं कशाला" म्हणतात आणि नंतर भांडतात.

ईदचा खर्च आधीच ठरवा

रमजान, ईद, बकरी ईद अचानक येत नाहीत. तरी दरवर्षी कार्डाचं सर्वात मोठं बिल त्याच महिन्यांत येतं. एक कारण कॅलेंडरचं आहे. पगार, भाडं, शाळेची फी इंग्रजी महिन्यांनी चालते. चांद्र वर्ष त्यापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी तेवढी अलीकडे येते आणि कधीतरी दुसऱ्या मोठ्या खर्चाला भिडते. २०२४ मध्ये बकरी ईद १७ जूनला आली, नेमकी शाळा उघडण्याच्या दिवसांत. वह्या-पुस्तकं, गणवेश आणि कुर्बानी एकाच पगारात.

उपाय साधा आहे. मागच्या वर्षी दोन्ही ईदला किती लागले ते लिहा. १२,००० लागले असतील तर दर महिन्याला १,००० बाजूला काढा. घरात १,००० उरत नसतील तर खर्चच ८,००० चा ठरवा. इफ्तारची पार्टी छोटी झाली, कपड्यांचा एक जोड कमी झाला, तरी ईद ईदच राहते. कुर्बानी ऐपत असलेल्यांवर आहे, ज्याच्याकडे ऐपत नाही त्याने कर्ज काढून बकरा आणावा अशी अपेक्षा दीन करत नाही. लग्नाच्या जेवणावळींबाबतही हाच विचार करायला हवा.

बिल थकलंच असेल तर

घाबरून फोन बंद ठेवल्याने कर्ज कमी होत नाही. क्रमाने हे करा :

– कार्डाचा वापर त्याच दिवशी थांबवा. यूपीआय ॲपमधून आणि ऑनलाइन दुकानांतून कार्ड काढून टाका. आपोआप कापले जाणारे वर्गण्यांचे पैसे बंद करा.
– सगळ्या कार्डांची बाकी, व्याजदर आणि तारखा एका कागदावर लिहा. ही गोष्ट नवरा-बायकोने एकमेकांपासून लपवू नये. लपवलेलं कर्जच सगळ्यात जास्त वाढतं.
– किमान रकमेत अडकू नका. जमेल तेवढं जास्त भरा. दोन कार्डं असतील तर दोन्हींची किमान रक्कम भरून वरचे पैसे जास्त व्याजाच्या कार्डाला द्या.
– न वापरलेली मुदत ठेव, जुनी बचत किंवा दागिना असेल तर वर्षाला ४२ टक्के व्याज भरत तो जपून ठेवण्यात अर्थ नाही. नातेवाइकांकडून बिनव्याजी रक्कम मिळत असेल तर लेखी करार करून घ्या आणि कार्ड एकदम चुकतं करा.
– बँकेशी स्वतः बोला. बाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून मिळते का ते विचारा. त्यात व्याज आहेच, पण आधीच अडकलेल्या माणसाचं नुकसान थांबतं. "अर्धे भरा, प्रकरण मिटवा" असा प्रस्ताव आला तर तो लेखी घ्या. पतअहवालात 'सेटल्ड' अशी नोंद राहते आणि पुढे घरासाठी वा धंद्यासाठी कर्ज घेताना ती आडवी येते.
– झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळू नका. कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोण, हे ॲपवर स्पष्ट नसेल तर मोबाइलमधले संपर्क आणि फोटो त्याच्या हाती देऊ नका.

तुमचे हक्क

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांबाबत सविस्तर नियम काढले, ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यातल्या कामाच्या गोष्टी :

– न मागता कार्ड देता येत नाही. तसं कार्ड देऊन पैसे लावले, तर ते परत करून त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते.
– बिल मिळाल्यापासून व्याज सुरू होण्याआधी किमान पंधरा दिवस मिळाले पाहिजेत.
– भरायच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच उशिराचा दंड लावता येतो, तोही थकलेल्या रकमेवर. पण व्याजाचा आणि या तीन दिवसांचा संबंध नाही, म्हणून त्यांचा भरवसा धरू नये.
– सगळी बाकी भरून कार्ड बंद करायला सांगितलं, तर सात कामकाजी दिवसांत ते बंद झालं पाहिजे. नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे.
– वसुलीसाठी धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे.

बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कार्डावर तुम्ही न केलेला व्यवहार दिसला, तर लगेच कार्ड ब्लॉक करा, बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० वर फोन करा. उशीर केला की जबाबदारी आपल्यावर येण्याची शक्यता वाढते. ओटीपी कुणालाही सांगू नका, फोनवरचा माणूस कितीही अदबीने बोलत असला तरी.

चार पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तुमचा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. ३०० ते ९०० मधला गुण त्यात असतो. आपल्या नावावर भलतंच कर्ज तर नाही ना, हे पाहण्यासाठी तो मागवून वाचावा.

कार्ड घ्यावं की नाही?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. या खरेदीचे पैसे आज माझ्या खात्यात आहेत का? ही वस्तू रोखीने असती तरी घेतली असती का? पगार दहा दिवस उशिरा झाला तरी बिल पूर्ण भरता येईल का? तिन्हींचं उत्तर हो असेल, तर कार्डाने नुकसान होण्याची शक्यता कमी. एकाचंही उत्तर नाही असेल, तर ती खरेदी डेबिट कार्डाने किंवा रोखीने करा, नाहीतर पुढच्या महिन्यावर टाका.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी एक सवय लावावी. कार्डावर ५०० खर्च केले की तेवढेच त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाकायचे. बिल येईल तेव्हा पैसे तयार असतात. पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल अशी सूचना बँकेला द्या, आणि ती देताना 'किमान रक्कम' नव्हे तर 'एकूण रक्कम' हा पर्याय निवडला आहे ना, हे दोनदा तपासा.

आज घरी गेल्यावर कार्डाचं शेवटचं बिल काढा. एकूण देय किती, किमान देय किती, व्याजाचा दर किती आणि मागच्या महिन्यात व्याजापोटी किती कापले गेले, हे चार आकडे एका कागदावर लिहा आणि घरच्यांना दाखवा. चौथा आकडा शून्य असेल तर अल्हम्दुलिल्लाह. नसेल, तर किराण्यात दोन-चार रुपये वाचवण्याआधी तो शून्यावर आणायचा विचार करा.